सतरा नंबरची फुंकर

खंडेनवमीला मोरजाई फाउंड्रीत सगळ्या अवजारांची पूजा झाली, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी झाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी महिन्याच्या तपासणीत एकेचाळीस कामगारांपैकी अडतीस जण हिरवे निघाले.

गौतमी पोवारनं आकडे दोनदा वाचले. मग खिडकी उघडली, बाहेरचा नारळ बघून घेतला, आणि तिसऱ्यांदा वाचले. आकडे बदलले नाहीत.

हिरवं निघणं म्हणजे काय, ते समजायला आधी फाउंड्री समजायला हवी. वितळलेलं लोखंड ओतायचं तर त्याला भांडं लागतं. ते भांडं वाळूचं करतात. लाकडाचा नमुना घ्यायचा, त्याच्याभोवती ओलसर वाळू दाबून बसवायची, नमुना हलकेच काढून घ्यायचा. जी पोकळी उरते तो साचा. त्यात लोखंड ओतलं की वस्तू तयार. पण लालबुंद लोखंडाखाली ती वाळू भाजते, फुटते आणि तिची धूळ होते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक धूळ.

जाड धूळ नाकात अडकते, आपण शिंकतो, संपलं. ही बारीक धूळ मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी असलेल्या इवल्या फुग्यांपर्यंत जाते. तिथे साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. त्या धुळीचा कण गिळतात, पण तो दगडाचा असल्यामुळे त्यांना पचत नाही. त्या मरतात. कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी येते, गिळते, मरते. असं वर्षानुवर्षं चाललं की त्या जागी व्रण पडतो. व्रण झालेलं फुप्फुस फुग्यासारखं फुगत नाही, आणि तो व्रण कोणत्याही औषधानं जात नाही. क्ष-किरणांच्या फोटोत तो दिसेपर्यंत दहा-पंधरा वर्षं उलटलेली असतात. डॉक्टरांना हे शंभर वर्षं माहीत होतं. अडचण एकच होती. त्यांना ते नेहमी उशिरा कळायचं.

मग कुणीतरी लक्षपूर्वक पाहिलं. मूल रडायच्या आधी मुसमुसतं, तसं व्रण पडायच्या कितीतरी आधी फुप्फुसाची आतली भिंत चिडते आणि एक विशिष्ट प्रथिन सोडते. ते उच्छ्वासातून बाहेर येतं. अगदी थोडं, पण येतं. त्याला पकडणारा पारदर्शक पापुद्रा तयार झाला. एका प्लास्टिकच्या नळीत तो पापुद्रा बसवायचा, नळीत दहा वेळा श्वास सोडायचा, नळी डबीत ठेवून निळा प्रकाश पाडायचा. प्रथिन अडकलं असेल तर पापुद्रा हिरवा चमकतो. जितकी चमक, तितका आकडा. वीसच्या आत असला तर छाती खूश. चाळीसच्या वर गेला तर माणूस हिरवा.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याला चुलीजवळची फुंकणी करून टाकलं. प्रत्येकाची नळी वेगळी, खुंटीवर नंबरानं टांगलेली. पापुद्रा दर महिन्याला नवा.

आणि या फुंकणीमागोमाग कायदा आला. सलग दोन महिने हिरवा निघालेल्या माणसाला वाळूच्या कामावरून हलवायचं. पगार तोच, हुद्दा तोच, पण वाळू बंद.

गौतमी पूर्वी याच कारखान्यात होती. मग वर्षभराचं प्रशिक्षण घेऊन तिथलीच आरोग्यसेविका झाली. गेल्या दोन वर्षांत तिनं मालकांच्या मागे लागून पाण्याचे तुषार बसवून घेतले, धूळ ओढणारे पंखे बसवून घेतले, आणि महिन्यामागून महिना एकेकाचा आकडा खाली येताना पाहिला. आणखी नऊ दिवसांनी कोल्हापुरात औद्योगिक आणि पर्यावरण वैद्यकाची राज्य परिषद भरणार होती. तिथे गौतमी हे सगळं मांडणार होती. डॉक्टर नसलेली व्यक्ती त्या व्यासपीठावर पहिल्यांदाच उभी राहणार होती.

पण आज अडतीस जण हिरवे होते, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा, एक्क्याऐंशी, सतरा नंबरचा होता. सतरा नंबर म्हणजे आनंदा पोवार. साच्याच्या कामातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत पक्का हात. तिचे वडील.

मागच्या महिन्यात एकटे तेच हिरवे निघाले होते. चव्वेचाळीस.

*

"रिकामा प्रश्न विचारलास का?" फोनवर डॉ. पोंक्षे म्हणाल्या. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या, परिषदेचं प्रशिक्षण त्याच बघत, आणि कुणी कितीही घाबरून फोन केला तरी आधी एक घोट चहा घेऊनच बोलत.

"म्हणजे, मॅडम?"

"वजनकाट्यावर काही न ठेवता तो किती दाखवतो, ते आपण बघतो ना? तसं. कुणी न फुंकता डबीला विचार, किती?"

"सकाळीच विचारलं. नवी नळी ठेवली होती. शून्य आलं."

"मग डबी शहाणी आहे. आता कामगाराची नळी ठेव. धुऊन. पापुद्रा नवा. फुंकायचं नाही."

गौतमीनं पंचवीस नंबरची नळी धुतली, नवा पापुद्रा घातला, कुणालाही फुंकू न देता डबीत ठेवली.

चौतीस.

"मॅडम, न फुंकताच चौतीस!"

"वा," पोंक्षे म्हणाल्या. "म्हणजे छाती नाही, नळी चमकतेय. आता का, ते तू शोध. मी चहा संपवते."

अडतीस नळ्या चमकतात आणि तीन नाहीत. ते तीन कोण? रझाक मुल्लाणी आणि आणखी दोघं. तिघेही खंडेनवमीला रजेवर होते. रजेवरच्या माणसाची नळी कुलपात जाते, तसा तिचाच नियम होता. म्हणजे जे काही झालं, ते खुंटीवर टांगलेल्या नळ्यांना झालं, आणि त्याच दिवशी झालं.

तिनं खिडकीचे पडदे ओढले, दिवा मालवला आणि डबीतला निळा दिवा हातात घेऊन खुंट्यांवर धरला.

अंधारात अडतीस नळ्यांवर अडतीस हिरवे ठिपके उजळले. प्रत्येक ठिपका बोटाएवढा, खालून वर ओढलेला. उंबऱ्यावर असतो तसा. देव्हाऱ्यात असतो तसा.

गौतमी खुर्चीत बसली आणि एकटीच मोठ्यानं हसली.

*

जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना बोलावलं.

"नळ्यांना हळद-कुंकू कुणी लावलं?"

एकेचाळीस माणसं आपापले बूट बघू लागली. एरवी ह्या लोकांना गप्प करायला भोंगा वाजवावा लागे.

"मी," मागून आनंदा म्हणाला. "त्यात काय? खंडेनवमीला हातोड्याची पूजा करायची, घमेल्याची करायची, आन जी आपली छाती राखती तिची करायची न्हाई व्हय? ह्ये कुठलं शास्त्र?"

"आण्णा, यंत्राला?"

"मी पुसलं होतं नंतर! तू वराडशील म्हणून. तेलाच्या फडक्यानं चांगलं खसाखसा पुसलं."

तेलाच्या फडक्यानं! हळदीत जो पिवळा रंग असतो, तो निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, तेलात मात्र मस्त विरघळतो आणि मग प्लास्टिकमध्ये मुरतो. प्लास्टिकच्या डब्यात एकदा फ्लॉवरची भाजी नेली की तो डबा जन्मभर पिवळा राहतो, त्याचं कारण हेच. आनंदानं हळद पुसली नव्हती, नळीत जिरवली होती.

"म्हणजे आमास्नी काय झालेलं न्हाई?" रझाक म्हणाला.

"तुम्ही तर सुट्टीवर होता. तुम्हाला तसंही काही नव्हतं झालं," गौतमी म्हणाली. "बाकीच्यांचं उद्या कळेल. पुण्याहून नव्या नळ्या मागवल्यात. आणि आण्णा, नव्या नळ्यांना नमस्कार लांबूनच करायचा."

हसण्याचा असा गदारोळ झाला की मॅनेजर घाटगे काय पडलं बघायला धावत आले.

आनंदा सगळ्यांत जोरात हसत होता. जाता जाता तो लेकीच्या कानाशी म्हणाला, "मग मागल्या महिन्याचंबी हळदच."

"मागच्या महिन्यात कुठली पूजा?"

"गौरी नव्हत्या व्हय? गौरीला हळद नसती?"

"गौरी आपल्या घरी होत्या, आण्णा. खुंटीवर नव्हत्या."

*

दुसऱ्या दिवशी नव्या नळ्या आल्या. अकरा, चौदा, नऊ, सोळा, बारा. एकेकाचा आकडा येई आणि गौतमीला वाटे, कुणीतरी तिच्या हातावर एकेक पेढा ठेवतंय. चाळीस माणसं झाली. चाळीसही जण वीसच्या आत.

आनंदा मुद्दाम शेवटी आला, पाळी संपल्यावर, खोलीत दुसरं कुणी नसताना. दहा वेळा श्वास सोडला. गौतमीनं नळी डबीत ठेवली.

सत्तेचाळीस.

"पुन्यांदा बघ."

अठ्ठेचाळीस.

"अजून एकदा."

सत्तेचाळीस.

गौतमीनं डबी बंद केली. मग आनंदा खुर्ची ओढून बसला. त्याचा आवाज खाली आला.

"गौते, कालच्या नोंदी तू हळदीपायी बाद केल्यास न्हवं?"

"हो."

"तशी ही एक आजची कर. एवढा बोभाटा झालाय, कोण इचारतंय? पान्याच्या पंपाचं मोठं कवच हातात घेतलंय मी. अर्धं झालंय. आयुष्यात येवढा साचा केला न्हाई. आन चाळीसच्या चाळीस जण साफ, कसं झ्याक दिसंल तुझ्या त्या भाषनात."

हे खरं होतं. चाळीसपैकी चाळीस! तिनं मनातल्या मनात ते व्यासपीठावर म्हणूनही पाहिलं. कारण तयार होतं, साक्षीदार कुणी नव्हता, आणि समोर बसलेला माणूस काही चोरी करायला सांगत नव्हता. आपलं काम करत राहू दे, एवढंच तो म्हणत होता.

"उद्या बघू," ती म्हणाली.

रात्री जेवताना आई, शालन, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "बापलेकीचं आज मौन हाय का? की आमटीत मीठ कमी पडलंय?"

"आमटी बरी हाय," आनंदा म्हणाला आणि ताटातल्या गरम भाकरीवर फुंकर मारली. मग कांद्यावर मारली. कांदा गरम नव्हता.

"ह्यांचं ह्ये असं," शालन म्हणाली. "लग्नात अक्षतांवरबी फुंकर मारली होती. म्हटलं, वाळू हाय का ती?"

गौतमीचा घास हातातच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भट्टीच्या वरच्या सज्जात जाऊन उभी राहिली. तिथून साच्यांचा सगळा भाग दिसायचा. पाण्याचे तुषार चालू होते, पंखे चालू होते, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क होता. पंपाच्या कवचाचा साचा मधोमध होता, बैलगाडीच्या चाकाहून मोठा, आणि आनंदा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता.

नमुना काढला की साच्याच्या कोपऱ्यांत सुटी वाळू पडते. ती राहिली तर लोखंडात खड्डा पडतो. ती ओढून काढायला गौतमीनंच बारीक नळीचा हवेचा पंप आणला होता, आणि बाकीचे सगळे तोच वापरत. आनंदानं इकडेतिकडे पाहिलं. मास्क हनुवटीखाली ओढला, ओठांचा चंबू केला, आणि कोपऱ्यात एक फुंकर मारली. नेमकी, हलकी, कडेला धक्का न लावणारी. वाळू उडाली. उडालेली वाळू त्याच्याच चेहऱ्याभोवती फिरली. त्यानं पुढची फुंकर मारायला खोल श्वास आत घेतला.

पंखे छपराशी होते. त्याचं तोंड साच्यापासून वीतभर होतं.

तासाभरात तिनं एकतीस फुंकरी मोजल्या. मग ती खाली उतरली.

"आण्णा, एकतीस."

"काय एकतीस?"

"फुंकरी. मास्क खाली ओढून."

आनंदा उठला. "पंप आंधळा असतोय गौते. त्याला कड कळत न्हाई. तीस वरसं ह्या फुंकरीवर साचं काढल्यात. माझी फुंकर गेली तर मग हितं बसल्याला मानूस कोन? कुनीबी!"

"फोटो साफ आहे तुमचा. व्रण नाही अजून. आत्ता थांबलात तर पडणारही नाही. सत्तरीत गड चढाल. नाही थांबलात तर..." तिनं नोंदवही उघडली. "मी सत्तेचाळीसच लिहिणार आहे."

"लिव्हा," आनंदा म्हणाला. "लिव्हा गौतमीबाई. तुमी सरकारी मानसं."

तिनं लिहिलं. त्याच दिवशी घाटगेसाहेबांनी आनंदाला लाकडी नमुन्यांच्या कोठीत बदलून दिलं आणि कवचाचं काम रझाककडे गेलं. पुढचे दोन दिवस घरात "गौतमीबाई, वाईच पानी द्या" आणि "गौतमीबाई, तुमचा फोन वाजतोय" एवढंच चाललं. तिसऱ्या दिवशी शालन वैतागून म्हणाली, "अवो, ती लेक हाय, तहसीलदार न्हाई!"

*

डॉ. पोंक्षे आकडे वाचून स्वतःच फाउंड्रीत आल्या.

"ही सतरा नंबरची नोंद," त्या म्हणाल्या. "फुंकरीचं तुला कळलं कसं? आमच्या प्रश्नावलीत छत्तीस प्रश्न आहेत. फुंकर मारता का, असा एकही नाही."

"मास्क वापरता का, हा आहे," गौतमी म्हणाली. "आण्णांनी हो लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. मास्क होताच. हनुवटीवर."

पोंक्षेबाईंनी हातातले आकड्यांचे कागद मिटले. मग म्हणाल्या, "कुठे आहेत ते?"

आनंदा कोठीत लाकडी नमुने पुसत बसला होता. पुसलेले नमुने पुन्हा पुसत होता. पोंक्षेबाईंनी गाडीतून एक पोतं आणायला लावलं आणि ते त्याच्यापुढे उघडलं. आत हिरवट वाळू होती.

"मला एक साचा करून दाखवता?"

"मला वाळू बंद हाय, बाई."

"सिलिकाची, म्हणजे गारेच्या दगडाची वाळू बंद आहे. ही दुसऱ्या दगडाची वाळू आहे, हिच्यात सिलिका नाही. माझ्या छातीवर विश्वास ठेवा, मीसुद्धा इथेच बसणार आहे."

"मला न्हाई करायचं."

"बरं. मग मी करते." आणि त्या सहासष्ट वर्षांच्या बाई पदर खोचून खाली बसल्या. पोत्यातली वाळू त्यांनी चौकटीत ओतली, पाणी घातलं, जरा जास्तच घातलं, आणि थापायला लागल्या. आनंदा दुसरीकडे बघत होता. मग तिरक्या डोळ्यानं बघू लागला. बाईंनी नमुना उपसायला हात घातला तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"ओ बाई, बाई, बाई! चिखल कालवताय का घर सारवायला? आन असा उपसत्यात व्हय? दात काढायचा हाय का? सरका, सरका."

त्यानं वाळू मुठीत घेतली, दाबली, मोडली, वास घेतला. "जड हाय ही. पानी कमी पिती." अर्ध्या तासात चौकटीत एक सुबक साचा उभा राहिला. शेवटी कोपऱ्यात सुटी वाळू राहिली. आनंदा पुढे वाकला, ओठांचा चंबू झाला, आणि तो तसाच थांबला.

"आत्ता मला दिसलं," पोंक्षेबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं फाउंड्रीच्या कामगारांना तपासतेय, आणि आज दिसलं. आनंदराव, परिषदेच्या आधी दोन दिवस चोवीस तरुण डॉक्टरांचं प्रशिक्षण आहे. त्यांना शिकवाल?"

"मी? डाक्टरांना? नववी नापास हाय मी."

"ते सगळे खूप परीक्षा पास आहेत. त्यांना बघायला कुणी शिकवलेलं नाही."

*

प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहात चोवीस डॉक्टर पांढरे कोट घालून आले होते. आनंदानं आधी ते काढायला लावले. "लग्नाला आलाय का?"

मग मास्क लावून तो त्याच हिरवट वाळूचा साचा करायला बसला. प्रत्येक डॉक्टरच्या हातात प्रश्नावली. त्यांनी प्रश्न विचारले, त्यानं काम करता करता उत्तरं दिली. किती वर्षं काम, खोकला येतो का, दम लागतो का, मास्क वापरता का. चोवीस पेनांनी चोवीस कागदांवर "होय"पुढे खूण केली.

"झालं?" आनंदा हात झटकत म्हणाला. "आता कागद खाली ठिवा आन सांगा. मी मास्क किती येळा खाली वढला?"

चोवीस डॉक्टर एकमेकांकडे बघू लागले.

"अवो, तुमच्या म्होरं बसलोय मी! भिंतीआड न्हाई!"

"चार वेळा?" चंद्रपूरहून आलेली एक चष्मेवाली डॉक्टर चाचरत म्हणाली. तिचं नाव मेघना उईके.

"अकरा. पर तू वर बघत हुतीस, म्हणून चार तरी दिसलं. बाकीची खाली बघून लिव्हत हुती." तो पुढे सरकला. "मानसाला इचारू नका मास्क लावतो का. तो हो म्हननार. तो कदी काढतो, त्ये बघा. आन का काढतो, त्ये बघा. मी फुंकर माराया काढला. कुनी तंबाखूला काढत असंल, कुनी मुकादमाचं ऐकू यावं म्हणून काढत असंल. त्याचं कारन कळलं, तर औषध सापडंल."

मग त्यानं सगळ्यांना साचे करायला बसवलं. दुपारपर्यंत चोवीस साचे ढासळले. कुणाच्या पँटीला वाळू, कुणाच्या केसांत. नागपूरचा एक दांडगा डॉक्टर तिसऱ्यांदा ढासळलेल्या साच्यापुढे डोकं धरून बसला, तर आनंदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "माझा पहिला साचा सत्रा दिवसांनी उभा ऱ्हायला. तू आज सकाळीच आलाईस. कर पुन्यांदा." आणि खोलीभर असं हशा-आरडाओरड्याचं वातावरण झालं की शेजारच्या दालनातून दोन वयस्कर डॉक्टर तक्रार करायला आले आणि बाह्या सारून वाळूपुढे बसले.

गौतमी दारात उभी राहून बघत होती. वडिलांना असं खुशीत तिनं भट्टीवरसुद्धा पाहिलं नव्हतं. पण त्यांनी तिला अजून एकदाही नावानं हाक मारली नव्हती.

*

परिषदेत तिचं भाषण अकरा मिनिटांचं होतं. पहिली दोन मिनिटं तिच्यापेक्षा तिचे हातच जास्त बोलत होते, मग तिनं हळदीची गोष्ट सांगितली आणि चारशे माणसं हसली. त्यानंतर सगळं सोपं झालं. तुषार, पंखे, दोन वर्षांचे आकडे. शेवटी पडद्यावर एकेचाळीस रेषा आल्या. चाळीस खाली उतरणाऱ्या. एक वर चढणारी.

प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ डॉक्टर उठले.

"तुमच्याच सांगण्याप्रमाणे त्या आठवड्यात नळ्यांमध्ये गोंधळ झाला होता. मग ही एक विसंगत नोंद तुम्ही वगळली का नाही? निष्कर्ष अधिक नेमका झाला असता."

गौतमीकडे उत्तर होतं. नळी नवी होती, तीनदा मोजलं होतं. पण ते बोलायच्या आधी तिची नजर शेवटच्या रांगेकडे गेली. तिथे चोवीस तरुण डॉक्टरांच्या मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून, आनंदा बसला होता. ही रेष म्हणजे माझे वडील, हे चारशे माणसांपुढे सांगायचा हक्क आपल्याला आहे का, ते तिला कळेना.

"त्ये इसंगत का काय म्हनला न्हवं तुमी," मागून आवाज आला, "त्ये मी."

सगळं सभागृह मागे वळलं. आनंदा उभा होता.

"सत्रा नंबर. आनंदा पोवार. मीच सांगितलं हुतं हिला, टाक म्हणून. हळदीवर ढकल म्हणून. न्हाई टाकलं हिनं. दोन दिस मी धड बोललो न्हाई हिच्याशी." तो थांबला. "टाकलं असतं, तर चाळीसच्या चाळीस साफ दिसलं असतं, आन मी आज बी तितं वाळूत तोंड घालून फुंकत बसलो असतो. मग अजून धा वरसांनी तुमी माझा फोटू काढला असता. चांगला फोटू आला असता. व्रनाचा."

कुणी हसलं नाही. मग त्यानं व्यासपीठाकडे बघून, भट्टीवर हाक मारतात तसा आवाज टाकला.

"गौते! आवाज खनखनीत लागला. फकस्त हात कशापायी हलवत हुतीस? बस थांबवतीस का?"

टाळ्या कधी सुरू झाल्या ते गौतमीला कळलं नाही. ज्येष्ठ डॉक्टर स्वतः वाजवत होते. तिनं डोळे पुसायला हात वर केला, मग लक्षात आलं की तो पुन्हा हलतोय, आणि ती हसू लागली.

चहाच्या वेळी ती आनंदाला शोधत गेली, तर त्याच्याभोवती तरुण डॉक्टरांचा घोळका. मेघना उईके वहीत काही लिहीत होती. आनंदानं तिची वही मिटायला लावली.

"काका, आमच्याकडे सिमेंटचे कारखाने आहेत," ती म्हणत होती. "तिथले कामगार मास्क का काढत असतील?"

"मला सिमेंटमधलं काय ठावं?"

"पण तुम्हाला दिसेल. आम्हाला नाही दिसणार."

आनंदानं चहाचा कप ओठांशी नेला. विचार करत राहिला. चंद्रपूर त्यानं नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. कोल्हापूरच्या बाहेर तो दोनदा गेला होता, दोन्ही वेळा लग्नाला. मग त्याची नजर घोळक्याबाहेर उभ्या असलेल्या लेकीवर पडली.

"गौते, आईला फोन लाव."

"कशाला?"

"म्हणावं, सोमवारी चंद्रपूरला निघायचंय. धा-बारा भाकऱ्या बांध, आन ठेचा जरा जास्त घाल. ह्या पोरांना तिखट खायची सवय लावायची हाय."